सर्दी-जुलाबानंतर बाळाच्या आतड्यात आतडं अडकतं तेव्हा: नाशिकच्या एका आईला सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. सिडकोत राहणाऱ्या एका आईचा साडेआठ महिन्यांचा मुलगा आठवडाभर सर्दी-तापाने आजारी होता. मध्ये दोन दिवस पातळ शीही झाली. ताप उतरला, बाळ पुन्हा खेळू लागलं आणि एका दुपारी अचानक किंचाळून रडायला लागलं. थोडा वेळ रडायचं, गप्प व्हायचं, पुन्हा रडायचं. घरच्यांना वाटलं, दात येताहेत. रात्री उलट्या झाल्या आणि पहाटे शीतून रक्त गेलं. सोनोग्राफीत इंटससेप्शन निघालं, म्हणजे आतड्यात आतडं शिरलं होतं. पाण्याच्या एनिमाने, म्हणजे गुदद्वारातून पाणी सोडून, ते सुटलं, ऑपरेशन लागलं नाही. आता त्या विचारतात: हे व्हायरसमुळे झालं का? आमच्या आधी लक्षात यायला हवं होतं का? परत होईल का? जुलाबाच्या रोटाव्हायरसवरच्या लशीच्या थेंबांचा याच्याशी संबंध आहे का? नऊ महिन्यांची लस द्यायची का? आणि जाऊबाईंच्या दीड महिन्याच्या मुलीला रोटाचे थेंब द्यावेत की नकोत?

ताई, आधी हे सांगतो की तुमचं बाळ वेळेत पोचलं. दुपारी कळा सुरू झाल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आतडं सुटलं, म्हणजे २४ तासांच्या आत. या आजारात पहिल्या २४ तासांत आलेलं बाळ आणि ४८ तासांनंतर आलेलं बाळ यांच्यात फार मोठा फरक पडतो. मी नाशिकमध्ये बरीच वर्षं लहान मुलांच्या शस्त्रक्रिया करतो आहे, आणि उशिरा पोचलेल्या बाळाचं काळं पडलेलं आतडं कापून काढावं लागतं तेव्हा आजही जीव तुटतो. म्हणून उत्तर लांबलं तरी चालेल, पण सगळं नीट सांगतो. तुमच्याबरोबर इतर आई-वडिलांनी आणि आजी-आजोबांनीही हे वाचावं असं मला मनापासून वाटतं.

व्हायरसमुळे झालं का? बहुधा हो, पण जरा वळणाने. लहान आतड्याचा शेवटचा भाग पोटात उजवीकडे खाली मोठ्या आतड्याला मिळतो. तिथे आतड्याच्या भिंतीत लसिका पेशींचे पुंजके असतात, त्यांना पेयर्स पॅचेस म्हणतात. घशातले टॉन्सिल ज्या जातीच्या पेशींचे बनलेले असतात त्याच जातीच्या या पेशी. पोटात येणाऱ्या जंतूंशी झगडणं हे त्यांचं काम. बाळाला व्हायरसचा आजार झाला की हे पुंजके सुजतात आणि आतड्याच्या पोकळीत फुगवट्यासारखे पुढे येतात. आतडं तर सतत आकुंचन पावत आतलं सगळं पुढे ढकलत असतं. त्याला हा फुगवटा अन्नाच्या घासासारखाच लागतो आणि ते त्यालाही पुढे ढकलू पाहतं. फुगवटा भिंतीलाच चिकटलेला असल्यामुळे भिंतही त्याच्यामागे ओढली जाते. शर्ट घाईत काढताना बाही आतल्या आत दुमडत जाते, तसं लहान आतडं मोठ्या आतड्यात शिरत जातं. मोठं आतडं रुंद असल्यामुळे ते बरंच आतपर्यंत जाऊ शकतं, काही बाळांत तर थेट गुदद्वारापर्यंत पोचतं.

आत शिरणारं आतडं एकटं जात नाही. त्याला रक्त पुरवणाऱ्या नसा ज्या पडद्यातून येतात तो पडदाही सोबत ओढला जातो आणि दोन भिंतींच्या मध्ये आवळला जातो. आधी दाबल्या जातात रक्त परत नेणाऱ्या नसा, कारण त्यांच्यातला दाब कमी असतो. रक्त आत येतं, बाहेर जात नाही, म्हणून आतडं सुजतं. सुजलं की आणखी आवळतं. आतल्या नाजूक अस्तरातून रक्त आणि चिकट स्राव पाझरू लागतो. शीतून जाणारी लालसर-जांभळट, शेंबडासारखी आव तीच. यापुढे रक्त आणणाऱ्या धमन्याही बंद होतात, आतडं काळं पडतं आणि शेवटी फुटतं. हे सगळं काही तासांपासून एक-दोन दिवसांत घडतं. म्हणजे शीत रक्त दिसतं तोवर आतली सूज बरीच पुढे गेलेली असते. रक्त दिसेपर्यंत थांबू नका, असं मी प्रत्येक आईला सांगतो ते यासाठीच.

कोणता व्हायरस, याचं सगळ्यात पक्कं उत्तर ॲडेनोव्हायरस हे आहे. निरनिराळ्या देशांतल्या अभ्यासांत इंटससेप्शन झालेल्या मुलांच्या शीत किंवा घशात हा व्हायरस निरोगी मुलांपेक्षा जास्त वेळा सापडला आहे. ॲडेनोव्हायरसमुळे सर्दी, घसा लाल होणं, डोळे येणं, चार-पाच दिवस जोराचा ताप असं काहीही होऊ शकतं. जुलाब झालेच पाहिजेत असं नाही. त्यामुळे फक्त सर्दी-खोकला झाला होता, पोटाचं काही नव्हतं, असं सांगणाऱ्या आईचं म्हणणंही या आजारात अगदी बसतं. एन्टेरोव्हायरस आणि तीन दिवस तापानंतर अंगावर गुलाबी पुरळ आणणारा हर्पिस गटातला ६ क्रमांकाचा व्हायरस हेही काही बाळांत सापडले आहेत. नैसर्गिक रोटाव्हायरसचे जुलाब आणि इंटससेप्शन यांचा संबंध मात्र फारसा पक्का ठरलेला नाही.

हे वाचून घाबरू नका. जगभरातल्या अभ्यासांचा मधला आकडा धरला तर एक वर्षाखालच्या दर एक लाख बाळांमागे वर्षाला साधारण ७४ बाळांना इंटससेप्शन होतं. सर्दी-ताप मात्र प्रत्येक बाळाला वर्षातून अनेकदा होतो. सर्दी झाली म्हणून पोटाची सोनोग्राफी करायची गरज नाही, आणि सर्दीत अँटिबायोटिक दिल्याने हे टळतही नाही. बहुतेक बाळं ५ ते १० महिन्यांच्या दरम्यानची असतात, मुलींपेक्षा मुलगे जास्त. या वयात आईकडून गर्भात मिळालेलं संरक्षण ओसरलेलं असतं, बाळ रांगू लागतं, हाताला लागेल ते तोंडात घालतं आणि नवनवे व्हायरस पहिल्यांदाच अंगात येतात. याच सुमारास आपल्याकडे उष्टावण होतं, त्यामुळे घरात कुणीतरी म्हणतंच: नाचणीचं सत्त्व बाधलं, केळं बाधलं, बाहेरचं खाऊ घातलं. तुम्हालाही कुणी असं म्हणालं असेल तर ते मनातून काढून टाका. बाळाला काय भरवलं त्यामुळे हे झालं, असा कोणताही पुरावा नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आधी लक्षात यायला हवं होतं का?

या आजारात फसवते ती दोन कळांमधली शांतता. आतड्याची लाट येते तेव्हा बाळ एकदम किंचाळतं, पाय पोटाशी घेतं, पांढरंफटक पडतं, कधी घामाघूम होतं. लाट ओसरली की दोन-पाच मिनिटांत रडणं थांबतं. मग पंधरा-वीस मिनिटं बाळ आईच्या खांद्यावर शांत पडून राहतं, सुरुवातीला तर चक्क हसतं, खेळतं, दूध पितं. पुन्हा लाट येते. हळूहळू कळा जवळ जवळ येतात आणि मधल्या वेळेतलं बाळ मलूल होत जातं.

घरात काय होतं ते मी रोज ऐकतो. पहिली कळ आली की आजी बेंबीभोवती हिंग लावते. बाळ शांत होतं. दुसरी कळ आली की कुणी ग्राईप वॉटर पाजतं. बाळ शांत होतं. तिसऱ्या कळेला मीठ-मोहरी उतरवून दृष्ट काढतात आणि बाळ पुन्हा शांत होतं. प्रत्येक उपाय लागू पडल्यासारखा वाटतो, कारण कळ आपसूकच थांबणार असते. यात कुणाचाही मूर्खपणा नाही. मायेची माणसं डोळ्यांसमोर जे दिसतं त्यावर विश्वास ठेवतात. तुमच्या घरीही हेच झालं, त्यामुळे स्वतःला दोष देऊ नका. पण पुढच्या वेळी, तुमच्याकडे किंवा शेजारी, बाळ शांत झालं एवढ्यावर न जाता ते कशा रीतीने रडतंय हे पाहा. थांबून थांबून, पुन्हा पुन्हा, तसंच जोराचं रडणं आणि प्रत्येक वेळी पांढरं पडणं हे तासाभरात तीन-चार वेळा झालं की निघायचं. बाळ शांत असताना निघायचं.

डॉक्टरही या शांततेत फसतात, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. ओपीडीत बाळ टेबलावर ठेवलं की नेमकं ते शांत असतं, पोट मऊ लागतं, आणि गॅस झालाय म्हणून थेंब देऊन घरी पाठवलं जातं. खरं तर पोट तपासायची हीच उत्तम वेळ असते, कारण बाळ रडत नसताना उजवीकडे वर, यकृताच्या खाली, लांबट गोळा हाताला लागू शकतो. म्हणून माझी एक विनंती: कळ आली की मोबाईलवर तिचा व्हिडिओ काढा. अर्ध्या मिनिटाचा पुरतो. कळ किती वाजता आली तेही लिहून ठेवा. रक्ताची शी झाली तर तो लंगोट किंवा डायपर पिशवीत घालून सोबत आणा, निदान फोटो तरी काढा. अनेकदा व्हिडिओ पाहूनच मी रेडिओलॉजिस्टला फोन लावला आहे.

दात येण्याबद्दल थोडं बोलतो, कारण या वयातल्या प्रत्येक दुखण्याचं खापर दातांवर फुटतं. दातांमुळे लाळ गळते, बाळ चिडचिडं होतं, हिरड्या चावतं. दातांमुळे बाळ पांढरंफटक पडत नाही आणि हिरवी उलटी करत नाही. तान्ह्या बाळाचा संध्याकाळचा पोटशूळही साधारण सहाव्या आठवड्याला सर्वांत जास्त असतो आणि तीन-चार महिन्यांपर्यंत मावळतो. आठव्या महिन्यात पहिल्यांदाच सुरू झालेल्या अशा रडण्याला पोटशूळ म्हणता येत नाही.

पुस्तकात या आजाराची तीन लक्षणं एकत्र लिहिलेली असतात: कळा, उलट्या, रक्तमिश्रित आव. प्रत्यक्षात तिन्ही एकत्र दिसणारी बाळं निम्म्याहूनही कमी असतात. उलटी आधी दुधाची होते, मग पिवळी, मग हिरवी. हिरवी उलटी म्हणजे वाट बंद झाल्याची खूण. कोणत्याही वयात ती गंभीर आहे, आणि पहिल्या महिन्यातल्या बाळाला हिरवी उलटी झाली तर एक तासही घालवू नका. त्या वयात आतडं जन्मापासूनच्या चुकीच्या बांधणीमुळे पीळ पडून मरू शकतं. तो वेगळा आजार आहे, पण घाई त्याहून जास्त आहे. उलट्या करणाऱ्या बाळाची चड्डी काढून जांघेतही पाहायला हवं, कारण अडकलेला हर्निया तिथे उघड दिसत असतो आणि कपड्यांमुळे राहून जातो.

काही बाळं रडतच नाहीत. ती फक्त गळून जातात, डोळे अर्धवट मिटून पडतात, पांढरी दिसतात. मेंदूज्वर असेल किंवा झटका आला असेल अशा शंकेने तपासण्या सुरू होतात आणि पोटाकडे लक्ष जात नाही. तापानंतर अचानक मलूल झालेल्या, कारण न सापडणाऱ्या बाळाच्या पोटाची सोनोग्राफी करून घ्यावी, असं माझं ठाम मत आहे.

जंतूंमुळे होणारी आव (हगवण) आणि इंटससेप्शन यांतला गोंधळ सर्वांत महागात पडतो. बाळाला जुलाब होऊन गेलेले, आता शीत रक्त, म्हणून हगवणीचं औषध सुरू होतं आणि दोन दिवस निघून जातात. फरक असा पाहा. जंतुसंसर्गाच्या आवेत ताप असतो, दिवसातून खूप वेळा थोडी थोडी शी होते आणि त्या शीत मळ असतो. इंटससेप्शनमध्ये आधी एक-दोन साध्या शी होतात, कारण अडथळ्याच्या पुढचं आतडं रिकामं होत असतं. नंतर मळ बंद होतो आणि नुसतं रक्त-शेंबूड येतं. सोबत उलट्या आणि कळा. जुलाब आपोआप थांबले, बरं झालं असं वाटत असतानाच उलट्या वाढल्या, तर ती सुधारणा समजू नका.

व्हायरसच्या जुलाबांत पोट फुगण्याची आणखी एक तऱ्हा आहे. शीवाटे पोटॅशियम निघून जातं आणि आतडं सुस्तावतं. पोट तट्ट फुगतं, शी आणि वायू बंद होतात, पण थांबून थांबून येणाऱ्या कळा नसतात. यात वाट बंद नसते, क्षार भरून काढले की आतडं पुन्हा चालू लागतं. जुलाब थांबवायची मोठ्यांची गोळी, लोपरामाईड, ठेचून बाळाला दिल्यानेही असंच होतं. दोन वर्षांखालच्या मुलाला ही गोळी कधीच द्यायची नाही. पोटदुखीच्या थेंबांत डायसायक्लोमिन असेल तर सहा महिन्यांखालच्या बाळाला तेही चालत नाही, त्याने श्वासावर परिणाम होऊ शकतो. साध्या जुलाबांना ओआरएस, अंगावरचं दूध आणि १४ दिवस झिंक पुरतं. आणि पोट चोळून घेणं, बेंबी सरकली म्हणून दाबून बसवणं हे कृपा करून करू नका. आत आवळलेलं, सुजलेलं आतडं बाहेरून दाबणं धोक्याचं आहे.

तुम्ही सिडकोत राहता, अर्ध्या तासात रुग्णालय गाठता. आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक आईला ते जमत नाही. थंडीत, जेव्हा रोटाव्हायरसचे जुलाब जास्त असतात, त्याच दिवसांत सुरगाणा-पेठकडची कुटुंबं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला आलेली असतात. आई छाटणीला किंवा खुड्याला, बाळ झाडाच्या फांदीला बांधलेल्या झोळीत आणि त्याच्याजवळ सात-आठ वर्षांची बहीण. ती मुलगी झोका देते, बाळ गप्प होतं. कळ येऊन गेली हे कुणाला कळणार? बागायतदारांना माझं सांगणं आहे की अशा बाळाची आई काम सोडून जाऊ म्हणाली तर तिला अडवू नका, गाडी द्या. गावातल्या आशाताईंना आणि अंगणवाडी ताईंना जुलाब आणि निमोनियाची लक्षणं माहीत असतात. त्यांच्या बैठकीत या कळांबद्दलही पाच मिनिटं बोललं गेलं पाहिजे.

सुरगाणा, पेठ, मालेगाव, सटाण्याकडून येणाऱ्यांनी वाटेतल्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात सलाईन लावून घ्यावं, शक्य तर नाकातून पोटात नळी घालून घ्यावी आणि मग १०८ च्या गाडीने पुढे यावं. शंका आली की बाळाला तोंडाने काही पाजू नका. निघण्याआधी फोन करून विचारा: या वेळी सोनोग्राफी होईल का, आणि लहान मुलांचा सर्जन आहे का? या दोन्ही गोष्टी जिथे आहेत तिथेच थेट जा. एका रुग्णालयातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असे जाणारे तास आतड्याला परवडत नाहीत. खर्चाच्या काळजीने थांबू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

सोनोग्राफी ही या आजाराची मुख्य तपासणी. अनुभवी हाताने केली तर हा आजार तिच्यातून क्वचितच सुटतो. पडद्यावर आतड्याचा आडवा छेद एकात एक वर्तुळांसारखा दिसतो. इथे एक खुलासा करतो, कारण असे रिपोर्ट घेऊन घाबरलेले पालक नेहमी येतात. जुलाब असलेल्या मुलाच्या सोनोग्राफीत कधी कधी लहान आतड्याचा छोटासा तुकडा लहान आतड्यातच शिरलेला दिसतो, जाडी दोन सेंटिमीटरहून कमी. तो बहुधा डोळ्यांदेखत आपोआप सुटतो. मूल शांत असेल तर फक्त लक्ष ठेवायचं, हवं तर काही तासांनी पुन्हा पाहायचं. तसंच पोटात गाठी वाढल्या आहेत असा शेरा असतो. व्हायरसच्या आजारानंतर या लसिका ग्रंथी सुजतातच. केवळ त्या दिसल्या म्हणून टीबीचं औषध सुरू करू नये.

तुमच्या बाळाचं आतडं पाण्याने कसं सुटलं हे तुम्हाला नवल वाटलं असणार. ही पद्धत जुनी आहे. कोपनहेगनच्या हॅराल्ड हिर्शस्प्रुंग यांनी १८७६ साली पाण्याच्या दाबाने आतडं सोडवण्याचे अनुभव प्रसिद्ध केले. त्याच्या पाच वर्षं आधी, १८७१ मध्ये, लंडनच्या जोनाथन हचिन्सन यांनी दोन वर्षांच्या मुलीवर यशस्वी ऑपरेशन केलं होतं. त्या काळी हे झालेली बहुतेक बाळं दगावत. पुढे १९८६ मध्ये चिनी डॉक्टरांनी १३ वर्षांतल्या ६,३९६ मुलांवरच्या हवेच्या एनिमाचे निष्कर्ष मांडले. आज आपण कोमट सलाईन गुदद्वारातल्या नळीतून सोडतो, बाटली साधारण एक मीटर उंचीवर ठेवतो आणि पाण्याच्या दाबाने आत शिरलेलं आतडं मागे सरकताना सोनोग्राफीवर पाहतो. पाणी लहान आतड्यात उसळून शिरलं की समजायचं, सुटलं. एक्स-रेच्या किरणांचा प्रश्नच येत नाही. हवेने करायचं तर दाब ८० मिलिमीटर पाऱ्यापासून सुरू करून १२० च्या वर नेत नाहीत. वेळेत आलेल्या बाळांपैकी दहातल्या आठ-नऊ जणांचं आतडं असं सुटतं. आतडं फुटण्याचा धोका एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो, म्हणून सर्जन आणि ऑपरेशन थिएटर तयार ठेवूनच हे करायचं.

पोट कडक झालेलं, आतडं फुटलेलं किंवा बाळ शॉकमध्ये (रक्ताभिसरण कोलमडलेलं) असेल तर एनिमाचा प्रयत्न करायचा नाही, ऑपरेशनच करायचं. एनिमाने सुटलं नाही तरीही ऑपरेशन लागतं. त्यात आतडं ओढत नाहीत, ओढलं तर फाटतं. पुढच्या टोकाकडून हलके दाबत मागे सरकवतात. जिवंत असेल तर तसंच ठेवतात, काळं पडलं असेल तेवढा भाग काढून दोन टोकं जोडतात. हेही बाळ बरं होतं, पण रुग्णालयातला मुक्काम वाढतो, आणि पुढे कधीतरी आतड्याचे भाग एकमेकांना चिकटल्यामुळे आतडं अडण्याची शक्यता मागे राहते.

परत होईल का? एनिमाने सुटलेल्या साधारण दहातल्या एका बाळाला पुन्हा होतं, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना पहिल्या दोन-तीन दिवसांतच. तुमचं बाळ त्या काळाच्या पुढे आलं आहे. तरी पुढचे सहा महिने तशाच कळा आल्या तर हिंग-ग्राईप वॉटर न करता थेट या. पुन्हा झालं तरी पुन्हा एनिमाने सोडवता येतं. वारंवार होऊ लागलं, किंवा तीन महिन्यांखालच्या वा दोन-तीन वर्षांवरच्या मुलात झालं, तर आम्ही व्हायरसवर समाधान मानत नाही. आत काही मूळ कारण आहे का ते शोधतो: मेकेलची पिशवी (लहान आतड्याला जन्मापासून असलेला पिशवीसारखा फुगवटा), पॉलिप (आतल्या अस्तरावरची गाठ), जन्मजात गाठ, क्वचित लिम्फोमा (लसिका पेशींचा कॅन्सर). पायांवर जांभळे ठिपके आणि सांधेदुखी असलेल्या शाळकरी मुलाच्या पोटात कळा येत असतील तर एचएसपी या रक्तवाहिन्यांच्या आजारातही आतडं शिरलेलं असू शकतं. साडेआठ महिन्यांच्या, नुकताच ताप येऊन गेलेल्या बाळात पहिल्यांदाच झालं असेल तर असल्या शोधाची गरज नसते. घरी सगळं नेहमीचं खाऊ घाला, पथ्य काही नाही.

आता रोटाच्या थेंबांचं. तुमची शंका निराधार नाही, तिच्यामागे खरा इतिहास आहे. अमेरिकेत १९९८ मध्ये रोटाशील्ड नावाची पहिली रोटाव्हायरस लस आली आणि तिच्यामुळे साधारण दहा हजारांत एका बाळाला इंटससेप्शन होतं असं दिसल्यावर १९९९ मध्ये ती मागे घेतली गेली. नंतर आलेल्या लशींचा धोका काही देशांत दर लाखामागे एक ते सहा असा मोजला गेला, तोही मुख्यतः पहिल्या डोसनंतरच्या आठवड्यात. आपल्याकडे २०१६ पासून सरकारी लसीकरणात रोटाव्हॅक ही भारतात बनलेली लस टप्प्याटप्प्याने आली. २०१६ ते २०१९ या काळात भारतातल्या अनेक रुग्णालयांत इंटससेप्शन झालेल्या बाळांची नोंद ठेवून, डोसनंतरच्या २१ दिवसांत हा आजार वाढतो का ते तपासलं गेलं. तो अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात धोका वाढलेला आढळला नाही. दुसऱ्या बाजूला, लस येण्याआधी रोटाव्हायरसमुळे भारतात दरवर्षी अंदाजे ७८ हजार लहान मुलं दगावत होती. हे दोन आकडे शेजारी ठेवले की माझ्या मनात काही संशय उरत नाही.

तुमच्या बाळाचे तीन डोस ६, १० आणि १४ आठवड्यांना होऊन गेले, कळा आल्या त्या त्यानंतर पाच महिन्यांनी. लशीचा याच्याशी संबंध नाही. नियम असा आहे की एकदा इंटससेप्शन झालेल्या बाळाला रोटाचा पुढचा डोस देत नाहीत, पण तुमच्या बाळाचा डोस राहिलेलाच नाही. नऊ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेलाची लस आणि जीवनसत्त्व अ वेळेवर द्या. त्यांना या आजाराची काही आडकाठी नाही. फक्त लसीकरणाच्या कार्डावर इंटससेप्शन झाल्याची तारीख आणि उपचार डॉक्टरांकडून लिहून घ्या.

जाऊबाईंच्या मुलीला थेंब जरूर द्या. चुलतभावाला हा आजार झाला म्हणून तिचा डोस थांबवायचं काही कारण नाही. दीड महिना झाला आहे, म्हणजे पहिल्या डोसची हीच वेळ आहे. उशीर मात्र करू नका, कारण इंटससेप्शन मुळातच पाचव्या-सहाव्या महिन्यानंतर वाढतं, म्हणून हे थेंब लहान वयातच द्यावेत. थेंब दिल्यानंतरच्या आठवड्यात थांबून थांबून रडणं, पांढरं पडणं, हिरवी उलटी यांवर लक्ष ठेवा, आणि तसं काही दिसलं तर सोनोग्राफी आणि लहान मुलांचा सर्जन असलेल्या रुग्णालयात लगेच बाळ दाखवा, आरोग्य केंद्रातल्या सिस्टरनाही फोनवर कळवा.